सीन ओळखू आला म्हणजे चोरी झाली काय?

गेल्या आठवड्यापासून आमच्याकडच्या सगळ्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून राहिला. म्हणे गाण्याच्या व्हिडिओत जुन्या पिक्चरचा सीन, जुना ड्रेस, जुनी पोज दिसली की ती चोरीच समजा, आधीचे लोक स्वतःच्या डोक्यानं करायचे, अन् असले संदर्भ शहरातल्या शिकलेल्यांसाठी असतात, खेड्यातल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. खाली धडाधड अंगठे. मला हे पटलं नाही राजेहो, शेवटची ओळ तर मनाला लागलीच, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं चोरीचं. चोर माल लपवतो. संदर्भ टाकणाऱ्याला तर वाटत असतं की तुम्ही ओळखावं. अमेरिकेतल्या गायिका मॅडोनाचं १९८५ चं 'मटेरियल गर्ल' पाहा, गुलाबी ड्रेस, लाल सेट, भोवती सूटबूटवाले माणसं, सगळं १९५३ च्या 'जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स' पिक्चरमधल्या नटी मेरिलिन मन्रोच्या हिऱ्यांच्या गाण्यावरून घेतलेलं. एवढं गाजलेलं गाणं कोण लपवू शकते? पण त्याच व्हिडिओत गाण्याबाहेर एक छोटी गोष्ट चालू असते, मॅडोना त्यात नटी झालेली, ती सेटवर हिरे मिरवते अन् सेटबाहेर तिला महागाचं गिफ्ट नको असते, साधी फुलं आणून जुन्या ट्रकमध्ये फिरवणारा माणूस आवडतो. म्हणजे मन्रोचं गाणं समोर ठेवून तिनं त्याला जवाब दिला. आमच्या झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भात, खडीगंमत नावाचा तमाशासारखा खेळ होतो, त्यात दोन शाहीर समोरासमोर आले की दुसरा पहिल्याचेच शब्द धरून पलटवतो, अन् लोक त्यालाच टाळ्या देतात. त्याला कोणी चोर म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आता म्हणे आधीचे लोक असं करत नव्हते. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्याचा पहिलाच देखावा राजा रविवर्म्याच्या चित्रासारखा मांडलेला आहे. क्वीन या इंग्लंडच्या बँडच्या १९८४ च्या 'रेडिओ गा गा' गाण्याच्या व्हिडिओत १९२७ च्या 'मेट्रोपोलिस' पिक्चरचे तुकडेच्या तुकडे आहेत. अन् अजून मागं जायचं तर ज्ञानेश्वर माउली स्वतःच सांगतात की मी 'व्यासाचा मागोवा घेतु, भाष्यकारांतें वाट पुसतु' चाललो. आपल्या विदर्भातल्या कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीचं लग्न महानुभाव कवी नरेंद्रानं लिहिलं, मग एकनाथांनीही लिहिलं. लोकांना गोष्ट आधीच पाठ होती, तरी नवीन माणूस ती कशी सांगते हे ऐकायला बसायचेच ना.

लांब कशाला जाता, पोळ्याच्या झडत्या, म्हणजे त्या दिवशी बैलांसमोर म्हणायची कवनं, घ्या. बैल तोरणाखाली उभे राहिले की म्हणणारा सुरू होतो, त्यात धानाचा भाव येतो, कर्ज येते, पुढारी येतो, त्या वर्षी गाजलेल्या गाण्याची ओळ येते, अन् शेवटी तेच 'एक नमन कवडा पारबती, हरबोला हर हर महादेव'. त्या शेवटच्या ओळीवर सगळं गाव एका आवाजात ओरडते. ती ओळ म्हणणाऱ्याची स्वतःची नाही, हे सगळ्यांना माहीत असते, अन् सगळ्यांची आहे म्हणूनच ओरडता येते.

अन् खेड्यातल्या माणसाला कळत नाही म्हणता? माझ्या भाच्यानं दिवाळीत माझ्या आईला मोबाइलवर 'ओम शांती ओम'मधलं 'धूम ताना' दाखवलं. २००७ चा पिक्चर, त्यात दीपिकासोबत सुनील दत्त, राजेश खन्ना, जितेंद्र यांच्या जुन्या पिक्चरमधले सीन कॉम्प्युटरवर जोडलेले आहेत. पोट्ट्याला वाटलं हे कोणी आजकालचे डान्सर. आई धान कापून आलेली, हातपाय पण धुतले नव्हते, तिनं एका नजरेत तिघांचे नावं सांगितले, अन् वरून हेही की पिक्चरचं नावच 'कर्ज'मधल्या गाण्यावरून आहे. मग अर्धा तास ती टुरिंग टॉकीजच्या गोष्टी सांगत बसली, तंबू कुठं लागायचा, घरून बोरा न्यायचा बसायला. त्या दिवशी शिकलेला कोण होता मग? आणि समजा नाही ओळखलं, तरी ते गाणं पोट्ट्याला आवडलंच होतं ना, त्याचं काही अडलं नाही.

मेसेजमधलं एक मात्र खरं आहे, चोरी होते. आमच्याकडच्या दंडार या लोकनाट्यात गाणाऱ्या एका म्हाताऱ्यानं स्वतः बांधलेली चाल एका अल्बमवाल्यानं जशीच्या तशी घेतली अन् खाली लिहिलं 'पारंपरिक'. इथं कोणी ओळखावं अशी त्याची इच्छाच नव्हती, उलट ओळखू नये म्हणूनच तो शब्द टाकला. बुढा अजून आहे, अजून गातो, त्याला ना पैसा भेटला ना नाव. ज्यांना चोरीचा एवढा राग आहे त्यांनी तो व्हिडिओ उघडून खाली त्याचं नाव लिहावं. मी लिहिलं, दोनदा डिलीट झालं, आज तिसऱ्यांदा लिहिलं.