तीन दिवसांची बेगमी

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली, त्या संध्याकाळी आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगलीच्या चुलतभावाने आपत्कालीन पिशवीत काय काय असावे याची लांबलचक यादी टाकली आणि खाली लिहिले, 'जपानी लोक कायम तयार असतात, बेफिकीर आपणच.' चिपळूणच्या आत्याने लगेच उत्तर दिले, 'पिशवी भरते रे बाबा, पण २०२१ च्या जुलैत पाणी घरात शिरलं तेव्हा आम्हाला उठवायला कोण आलं होतं?' घराने तयारी ठेवायची की सरकारने जबाबदारी घ्यायची, हा वाद त्यानंतर दोन दिवस चालला आणि मी टोकियोच्या एदोगावा भागात राहत असल्यामुळे मला साक्षीदार म्हणून त्यात ओढण्यात आले.

साक्ष द्यायची तर चुलतभावाच्या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण ते खरे नाही. ८ ऑगस्ट २०२४ रोजी जपानच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या समुद्रातील नानकाई खंदकात महाभूकंप होण्याची शक्यता वाढल्याचा इशारा इथे प्रथमच दिला गेला आणि बऱ्याच दुकानांतून पाण्याच्या बाटल्या दिसेनाशा झाल्या. कायम तयार असलेल्यांनी अशी धावपळ केली नसती. मी स्वतः त्या दिवशी दाराशी टांगलेली पिशवी उघडली, तेव्हा तिच्यातल्या पाण्याची मुदत दीड वर्षापूर्वीच संपलेली होती.

तरीही इथल्या सल्ल्यात एक हिशेब आहे आणि आपल्याकडे फिरणाऱ्या याद्यांमध्ये नेमका तोच नसतो. माणशी दररोज तीन लिटर पाणी, किमान तीन दिवस, जमल्यास आठवडाभर. चार माणसांच्या घराला तीन दिवसांचे ३६ लिटर होतात आणि एवढे ओझे पाठीवर घेऊन कोणी पळू शकत नाही. म्हणून पळताना उचलायची पिशवी वेगळी आणि घरातच अडकून पडलो तर पुरणारा साठा वेगळा. शौचाचाही हिशेब आहे: माणशी दिवसाला पाच वेळा, म्हणजे त्याच चौघांना तीन दिवसांत शौचाच्या ६० पिशव्या लागतात, ज्यांत ओलावा शोषून घट्ट करणारी पूड टाकायची असते. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपानंतर तिथल्या अनेक गावांत नळाला कित्येक आठवडे पाणी नव्हते. अशा वेळी शौचालयाची सोय नाही म्हणून माणसे, विशेषतः बायका, पाणी पिणेच कमी करतात आणि आजारी पडतात. आपल्याकडे टॉर्च आणि बिस्किटांच्या पुढे सहसा न सरकणाऱ्या याद्यांत मला हा मुद्दा अजून दिसलेला नाही.

तीनच दिवस का, याचे उत्तर मला आमच्या वादात जास्त महत्त्वाचे वाटते. ढिगाऱ्याखालच्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या ७२ तासांनंतर झपाट्याने मावळते, म्हणून त्या काळात सरकारी यंत्रणेने अडकलेल्यांकडे धावावे आणि सुखरूप असलेल्यांनी तोवर स्वतःचे निभवावे, अशी ही विभागणी आहे. १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढले होते, हा अनुभवही त्यामागे आहे. म्हणजे पिशवीला मुदत असते आणि ती मुदत सरकारलाही बांधते. चौथ्या दिवशी पाणी कुठे मिळणार हे न सांगता नुसती पिशवी भरायला सांगणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय, आणि तिथे मी आत्याच्या बाजूने आहे.

मी राहते त्या एदोगावाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. २०१९ साली इथल्या प्रशासनाने पुराचा नकाशा घरोघर वाटला आणि त्याच्या मुखपृष्ठावर छापले की इथे थांबू नका. त्यावर टीकाही झाली, कारण जवळपास सात लाख लोकांनी निघून जायचे तरी कुठे? पण प्रश्न निदान छापून घरात आला. आपल्याकडे निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या आहेत, निळी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. मात्र आपले घर त्यांच्या आत आहे की बाहेर, हे सांगलीच्या आमच्या घरात २०१९ च्या महापुरापर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

घराने तयारी ठेवावी हे चुलतभावाचे म्हणणे त्यामुळे खोटे ठरत नाही, फक्त त्याची पिशवी भूकंपाची आहे. कृष्णेचे पाणी बहुधा काही तासांची सवड देऊन चढते, त्यामुळे तिथे पिशवी कागदपत्रांपासून सुरू व्हायला हवी: खरेदीखत, रेशनकार्ड, पासबुक, मुलांच्या गुणपत्रिका, शिवाय रक्तदाबाच्या गोळ्या आणि जादा चष्मा. सातबारा ऑनलाइन मिळतो हे खरे, पण मोबाइलचे टॉवर बंद पडले की ऑनलाइन पैसेही थांबतात, म्हणून थोड्या सुट्या नोटा हव्यात. घरातल्या वस्तूंचे फोटो आधीच काढून गावाबाहेरच्या कोणाला तरी पाठवून ठेवावेत, पंचनाम्याच्या वेळी ते उपयोगी पडतात. आणि हे सगळे तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नये, असे सांगावे लागते याचे मला नवल वाटत नाही, कारण आमच्याही घरी ते तिथेच होते.

खरे तर साठवण आपल्याला जपान्यांकडून शिकायला नको. कोकणात पावसाळ्याआधी आगोट भरत असत: तांदूळ, सुकी मासळी, चिंच, सरपण, चार महिन्यांची बेगमी माळ्यावर. दुकान दहा मिनिटांत दारी येऊ लागले तशी ती सवय सुटली. इथेही चोवीस तास उघड्या दुकानांनी माझ्यासारख्यांचे तेच केले आहे. त्यावरचा इथला उपाय साधा आहे: रोजच्या खाण्यातलेच थोडे जास्त आणायचे, जुने आधी संपवायचे आणि जेवढे संपले तेवढे पुन्हा भरायचे.

हे सारे मी ग्रुपवर लिहिले आणि सोबत माझ्या घराजवळच्या शाळेच्या फाटकावरील फलकाचा फोटो जोडला, ज्यावर भूकंपानंतर जमण्याची जागा म्हणून शाळेचे नाव लिहिलेले आहे. आत्याने तो चुलतभावालाच उद्देशून परत पाठवला: 'यादी छान आहे तुझी. आता आमच्या आळीने कुठल्या शाळेत जायचं, तेवढं विचारून सांग.' तो विचारतो आहे.