‘चर्चचे पब झाले’ म्हणणाऱ्यांना

नाताळ जवळ आला की नगर-पुण्याकडच्या भाषणांत एक वाक्य ठरलेलं असतं: ‘तिकडे इंग्लंडात चर्चचे पब झाले, आता सुवार्ता आपणच त्यांच्याकडे न्यायची.’ टाळ्या पडतात. अलीकडे त्याच तोंडून दुसरंही ऐकू येतं आणि मला जास्त खटकतं ते हे. ख्रिस्ताच्या शिष्यत्वाला मंडळी, म्हणजे चर्चमध्ये एकत्र जमणारा समाज, कशाला हवी? बायबल घरात आहे, संदेश यूट्यूबवर आहेत, कमिटीची भांडणं बघायला रविवारी कोण जाणार? दोन्ही वाक्यं बहुधा एकाच सोफ्यावर बसून म्हटली जातात. इंग्लंडातली चर्चं ओस पडली ती असल्याच सोफ्यांमुळे, हे त्या सोफ्याला कुणीतरी सांगायला हवं.

आधी पबचा हिशेब. 1932 मध्ये ब्रिटनमधले वेस्लियन, प्रिमिटिव्ह आणि युनायटेड हे तीन मेथडिस्ट (प्रोटेस्टंटांतलेच) पंथ एक झाले, तेव्हा कित्येक गावांत दोन-दोन, तीन-तीन चॅपलं, म्हणजे त्यांची प्रार्थनामंदिरं, एकाच नावाखाली आली. एका गावाला तीन चॅपलं कशाला लागतात? त्यातली बरीच पुढेमागे विकली जाणारच होती. तेव्हा कार्पेटचं दुकान झालेलं प्रत्येक चॅपल म्हणजे विश्वासाचं थडगं नव्हे. मी इंग्लंडात राहते, तेव्हा हे सांगताना मी इथल्यांची वकिली करतेय, ते मला कळतं. आणि ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं असं की चॅपलं विकायला निघण्याच्या कितीतरी आधी त्यांच्यातले ‘क्लास’ मेले होते.

क्लास म्हणजे शिकवणी नव्हे. 15 फेब्रुवारी 1742 रोजी ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची मंडळी जमली ती सभागृहाचं कर्ज कसं फेडायचं ते ठरवायला. दर माणशी आठवड्याला एक पेनी असं निघालं. गरिबांना तेवढीही जड, अशी हरकत आली. त्यावर कॅप्टन फॉय नावाचे एक सभासद म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे लावा. त्यांना जमलं तर ते देतील, नाही जमलं तर त्यांचे मी भरीन. तुम्हीही आपापल्या शेजारचे अकरा घ्या. झालं. पेनी गोळा करायला माणसं दर आठवड्याला दारोदार जाऊ लागली आणि दार उघडलं की आतलं दिसू लागलं. कोण पिऊन पडलाय, कुणाचं बायकोशी वाजलंय. वेस्लीला हवं होतं ते नेमकं हेच. पण घरोघर फिरण्यात वेळ फार जाई, नोकरमाणसांचे मालक आत येऊ देत नसत आणि दोघांत गैरसमज असला तर समोरासमोर आणल्याशिवाय मिटत नसे. म्हणून मग त्या बाराही जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. हाच क्लास. म्हणजे शिष्यत्वाची ही पद्धत निघाली कर्जफेडीतून. आपल्या वर्गणी गोळा करणाऱ्या पंचांनी हे वाचून जरा सुखावायला हरकत नाही.

क्लासच्या सभासदाला तिमाहीला सभासदत्वाचं तिकीट मिळे, तेही विचारपूस करून. 1743 मध्ये वेस्लीने न्यूकॅसलला नावं तपासली आणि 64 जणांना काढलं. त्यांत 17 दारूपायी, 3 भांडणापायी, 1 बायकोला मारल्याबद्दल, 4 लोकांची निंदा केल्याबद्दल. सगळ्यात मोठा आकडा 29, आणि त्यांचा गुन्हा होता थिल्लरपणा आणि बेफिकिरी. सोफ्यावरची मंडळी मी या 29 मध्ये धरते.

हे आपल्याला परकंही नाही. अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी विल्यम टेलर 1871 मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांनी आधी घराघरांत असे गट बांधले, इमारतीचं पुढे पाहिलं. ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ काढला, त्यातही बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तशिष्य एकत्र बसावेत हीच ओढ होती. आणि वारीचं तर विचारूच नका. दिंडीत कोण मागे राहिलं, कुणाचे पाय सुजले, हे दिंडीवाल्यांना माहीत असतं. एकट्याने पंढरपूरला एसटीनेही जाता येतं, पण त्याला वारी म्हणत नाहीत.

मग आज करायचं काय? परिसंवाद नको, बारा आठवड्यांची वही नको. आठ ते बारा माणसं, ठरलेला वार, दीड तास. सुरुवातीला एक गीत, एक छोटी प्रार्थना, मग प्रत्येकाला एकच प्रश्न: या आठवड्यात देवाबरोबर कसं चाललंय? आधी उत्तर द्यायचं ते पुढाऱ्याने, आणि खरं. तो ‘प्रभूच्या कृपेने सर्व ठीक’ म्हणाला की बाकीचे अकराही तेच म्हणतात आणि सभा तिथेच संपते. एकाला साधारण पाच मिनिटं. मध्ये सल्ला द्यायचा नाही, वचन फेकून मारायचं नाही. कुणाचं ऐकून झालं की त्याच्यासाठी तिथल्या तिथे दोन ओळींची प्रार्थना. जो आला नाही त्याला दोन दिवसांच्या आत फोन, शक्य तर दारात जाऊन. व्हॉट्सॲपवर ‘मिस यू’ टाकणं म्हणजे विचारपूस नव्हे. बारा भरले की गट फोडायचा, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचं, नाहीतर फोडताना रुसवे होतात.

आपल्याकडे घरसभा बुडते ती पहिल्यांदा पोह्यांत. पहिल्या घरी चहा-बिस्किट, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी वडे, चौथ्या घरी बिर्याणी. पाचव्या घराला परवडत नाही म्हणून ते घर येणंच बंद करतं. चहापुढे काही नाही, हा नियम बाप्तिस्म्याइतका कडक पाळावा. दुसरं बुडवणारं म्हणजे नातं. एका मंडळीत अर्धे लोक एकमेकांचे व्याही. सुनेने सासूसमोर काय कबूल करायचं? म्हणून एका घरातले दोघे एका गटात नकोत. वेस्लीचे ‘बँड’ म्हणजे क्लासहूनही लहान गट होते, तिथे बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, विवाहित-अविवाहितही वेगळे, ते यासाठीच. तिसरं सगळ्यात गोड विष: ‘प्रार्थनेची विनंती’. ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, काय झालंय ते विचारू नका’, म्हणजे सोमवारपर्यंत कॉलनीभर. विनंती स्वतःसाठीच करायची, दुसऱ्यासाठी त्याने सांगितलं असेल तरच. आणि पाळकांची बदली, ट्रस्टची जमीन, निवडणूक हे विषय त्या दीड तासात निघालेच तर पुढाऱ्याने सरळ उठून चहा ठेवावा.

इंग्लंडातले क्लास मात्र पोह्यांनी मेले नाहीत. पुढारी विचारायचं सोडून व्याख्यान देऊ लागले. तीच ती तीस वर्षांपूर्वीच्या परिवर्तनाची साक्ष दर आठवड्याला पाठ म्हटली जाऊ लागली. तिकिटाची पावती झाली. पबचा नंबर त्यानंतर लागला. तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपल्या मंडळीत एवढंच विचारावं: मागच्या चार रविवारी कोण आलं नाही, हे कुणाला सांगता येईल का? इथल्या आमच्या चॅपलात तीसच डोकी आहेत, बहुतेक सत्तरीपुढची, सर्किट प्लॅनवर, म्हणजे आसपासच्या चॅपलांत कोणत्या रविवारी कोण उपदेश करणार त्या तक्त्यावर, कधी उपदेशकाची जागा रिकामी असते. पण माझं नाव टी-रोटावर, म्हणजे चहाच्या पाळ्यांच्या यादीत, आहे आणि मी गेले नाही तर दूध नसतं. मंगळवारी फोन येतो.

हे लिहिताना वाटलेली ऐट इथे जरा उतरते. त्या फोनवर मी जे उत्तर देते ते इंग्रजीत देते, आणि इंग्रजी ही माझी सभ्यपणाची भाषा आहे. तिच्यात ‘फाइन, थँक्स’ म्हणून आत्मा झाकता येतो, कुणाला संशयही येत नाही. ‘जीव कसा आहे तुझा?’ असं मराठीत कुणी विचारलं तर मला तसं निसटता यायचं नाही, पण तसं विचारणारं इथे कुणी नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी कांदा चिरताना मी गावाकडच्या उपासनेचं रेकॉर्डिंग लावते. भजन आलं की आवाज वाढवते, जाहिराती आणि निवेदनं पुढे ढकलते, उपदेश लांबला तर तोही. सोफा नाही, ओटा आहे, एवढाच फरक.

त्या मंडळीच्या वहीत माझं नाव अजून आहे. घरचे दरवर्षी माझी वर्गणी भरतात, पावतीचा फोटो पाठवतात. मी आले नाही म्हणून तिथून फोन येत नाही, कारण वहीत माझ्या नावापुढे काही थकलेलं नाही.