फौजी बांधवांनो, कागदाच्या नादी लागू नका

आपण सीमेवर उभे आहोत, म्हणजे घरचं सगळं आपोआप मार्गी लागतं, अशी एक गोड समजूत आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. ती मोडू नका. तालुक्याच्या कुठल्याही कोर्टाच्या व्हरांड्यात जा, कोटाला मेडल लावून बाकावर बसलेले एखादे सुभेदार आबा दिसतीलच. तारीख पडली की 'जय हिंद' म्हणून उठतात आणि एसटीला लागतात. तो मान आपल्यालाही मिळावा असं वाटत असेल, तर पुढचं नीट वाचा.

सुरुवात लग्नापासून. सुट्टी एक महिन्याची, त्यात साखरपुडा, हळद, लग्न, जेजुरी, सगळं बसवायचं. लग्नाची नोंदणी करायला वेळ कुठला? युनिटमध्ये परतल्यावर हेडक्लार्क विचारेल, "शादी का पार्ट टू कराया?" बिनधास्त सांगा, पुढच्या सुट्टीत कागद आणतो. पार्ट टू ऑर्डर म्हणजे लग्न, मुलं, जन्मतारखा यांची फौजेच्या दप्तरातली नोंद. ती झाली नाही तर सरकारच्या लेखी तुम्ही ब्रह्मचारी. यात एक प्रकारचं पावित्र्यही आहे.

आणि नोंद करायचीच झाली, तर नावाचा घोळ घालूनच करा. मुलगी माहेरी वैशाली, सासरी तांदळात अंगठीने लिहिलं गौरी, रेशनकार्डावर गौराबाई, आधारवर अजून वडिलांचंच नाव. जन्मतारीख गुरुजींनी शाळेत घातलेली १ जून. तुमचं स्वतःचं नाव ज्ञानेश्वर असेल तर सोन्याहून पिवळं. आपण 'डी-एन'ने लिहितो, उत्तरेकडचा बाबू 'जी-वाय'ने लिहितो, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. बँकेत एक ज्ञानेश्वर, पीपीओवर म्हणजे पेन्शनच्या आदेशावर दुसरा. तुमच्या हयातीत ही दुरुस्ती एका अर्जाने होते, म्हणून हयातीत करू नका. पंचवीस वर्षांनी तुमच्या मागे वैशाली, गौरी आणि गौराबाई ही एकच बाई आहे हे त्या बाईनेच प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, पोलीसपाटलाने दाखला द्यावा, राजपत्रात जाहिरात यावी आणि मग रेकॉर्ड ऑफिसने कळवावं की आपला अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत नाही. तिलाही जरा जग बघायला मिळतं.

घरात दिव्यांग मूल असेल तर त्याचंही नाव नोंदवायची घाई नको. जे मूल कमवू शकत नाही त्याला आईबापांमागे हयातभर कौटुंबिक पेन्शन मिळू शकते. पण आजारपणाचे कागद काढणं म्हणजे लोकांना घरातलं सांगणं. त्यापेक्षा भाऊ आहेच की बघायला.

भावाचा विषय निघालाच आहे, तर जमिनीकडे वळू. इथे मात्र सावकाश चालायला हवं, कारण फौजीचं खरं युद्ध इथेच होतं.

वडील गेले. तुम्ही बर्फात. वारसनोंद लागली, फेरफार धरला गेला, हरकतीची पंधरा दिवसांची नोटीस चावडीवर लागली. चावडी तुमच्या पोस्टवरून दिसत नाही, हा काही तलाठ्याचा दोष नाही. सुट्टीवर आलात की पहिले चार दिवस मटण, पुढचे आठ दिवस पाहुणे, आणि सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी भाऊ मोटारसायकल काढून म्हणेल, "दादा, चल जरा तालुक्याला, एक सही आहे." जा. कागद वाचायचा नाही. हक्कसोडपत्र असेल तर असू दे. दुय्यम निबंधकाच्या कॅमेऱ्यासमोर हसून फोटो काढा. त्या कागदाचा अर्थ काय, हे पुढे दिवाणी न्यायाधीश सविस्तर समजावून सांगतात. बहिणींना मुलग्याइतकाच हक्क असल्याचं कायदा २००५ पासून सांगतोय, पण तुमच्या भावाने अजून वाचलेला नाही. तुम्हीही वाचू नका, भावाभावांत एकमत हवं.

मोजणी तर चुकूनही करू नका. शेजारचा दर नांगरटीला एकेक वीत बांध कोरतो. तुम्ही वर्षातून एकदा येता, तेव्हा बांध जाग्यावरच दिसतो. तो बिचाराही तुमच्याबरोबर शेताकडे बघत 'यंदा पाऊस बरा आहे' म्हणतो.

आता कोणी दीडशहाणा सांगेल की कायद्याने फौजीची सोय केलेली आहे. आहे, ही अफवा दुर्दैवाने खरी आहे. इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट १९२५ सालचा. जवान युद्धजन्य किंवा कायद्याने ठरवलेल्या विशेष परिस्थितीत असेल आणि त्याच्या बाजूने कोर्टात उभं राहायला कोणी नसेल, तर त्याच्याविरुद्धचा दावा थांबवायची तरतूद त्यात आहे. तो काळ मुदतीतूनही वगळला जातो. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम ३२ आणखी पुढे जातं. कोर्टाच्या कामासाठी रजा मंजूर झाल्याचा किंवा मागितल्याचा अधिकाऱ्याचा दाखला दिला, तर त्या रजेच्या मुदतीतच सुनावणी आणि निकाल व्हावा अशी व्यवस्था कोर्टाने शक्य तेवढी करायची. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे जवानाचं समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचं असतं.

हे सगळं आपल्या वकिलाला सांगू नका. त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसतं, कशाला भर कोर्टात लाजवायचं? समन्स घरच्या पत्त्यावर जाऊ द्या, भावाने 'घरी नाही' म्हणून परत करू द्या, एकतर्फी हुकूमनामा होऊ द्या. मग तुम्ही सुट्टी मागा. सुट्टी संपली आणि तारीख पुढच्या आठवड्यात पडली, तर न कळवता गावीच थांबा. सुट्टी उलटून राहणं आर्मी ॲक्टच्या कलम ३९ खाली गुन्हा आहे, आणि तीस दिवस उलटले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसते. एका कोर्टासाठी थांबलात आणि दुसरं पदरात पडलं. असा लाभ सिव्हिलियनला कुठे?

मुखत्यारपत्राचा तर उपयोगच करू नका. म्हणजे योग्य प्रकारचा करू नका. रजा मिळत नसलेल्या जवानाला आपल्या वतीने दावा चालवायला कोणालाही लेखी अधिकार देता येतो, कमांडिंग ऑफिसरसमोर सही केली की पुरतं. फक्त त्या दाव्यापुरता अधिकार, फक्त त्या कामापुरता. छे, त्यात काय मजा! कोऱ्या स्टँपवर 'सर्व अधिकार' लिहून द्यावेत, विक्रीसकट. आणि मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मरणाबरोबर साधारणपणे संपतं, हे घरात कोणाला बोलू नये. नाहीतर तुमच्या पश्चात त्यावर होणारे व्यवहार अडतील.

शहरात फ्लॅट घेऊन भाड्याने दिलाय? निवृत्तीनंतर राहायला हवा म्हणून जवान, माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवेला घर परत मिळवण्याची वेगळी वाट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे. भाडेकरूला कळलं तर त्याला वाईट वाटेल. पुढे चला.

संसारात बिनसलं तर मात्र घाबरू नका. चावडीवरचे जाणकार सांगतात, फौजीच्या पगाराला कोर्ट हात लावू शकत नाही. खरंच आहे. आर्मी ॲक्टच्या कलम २८ प्रमाणे हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी दिवाणी किंवा महसुली कोर्टाला पगारावर जप्ती आणता येत नाही. कलम २९ प्रमाणे कर्जापायी अटकही नाही. एवढंच वाचा आणि पुस्तक मिटा. पुढे ९० आणि ९१ ही कलमं आहेत, ज्यांच्या आधारे फौज स्वतःच हुकूम काढून बायकोमुलांच्या पोटगीची रक्कम पगारातून परस्पर कापते. मूल औरस की अनौरस, हा भेदही त्यात नाही. म्हणजे जी बायको तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं चपला झिजवेल अशी तुमची अपेक्षा होती, ती पोस्टाच्या एका पाकिटाने कमांडिंग ऑफिसर साहेबांच्या टेबलावर पोचते. साहेबांच्या टेबलावर तशीही निम्मी टपाल बांधाची आणि निम्मी बायकांची असते, असं मला एका रिटायर्ड हेडक्लार्कने सांगितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून ते पटलं.

दुसरं लग्न गुपचूप उरकून दोन संसार चालवणाऱ्यांना तर सल्ला द्यायची माझी पात्रता नाही. पहिलं लग्न कायम असताना केलेलं दुसरं हे हिंदू विवाह कायद्याने लग्नच नव्हे, त्यामुळे दुसरीला कौटुंबिक पेन्शन नाही. हे तिला सांगायचं काम तुमच्या तेराव्याला आलेल्या नातेवाइकांवर सोपवा. व्यभिचाराचा गुन्हा २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला म्हणून पेढे वाटणाऱ्यांसाठी एक बारीक बातमी: फौजेची शिस्तभंगाची कारवाई त्यामुळे थांबत नाही, असं त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पेढे परत घेता येत नाहीत.

आता पेन्शनीत जायची वेळ. रिलीज मेडिकल बोर्डासमोर, म्हणजे निवृत्तीच्या वेळच्या डॉक्टरी तपासणीला, उभे राहिलात की छाती काढून सांगायचं, "सब ठीक है, सर!" गुडघा वाजतो, कानाने कमी ऐकू येतं, बीपीची गोळी चालू आहे, पण ते कागदावर आणणं मर्दाला शोभत नाही. व्यंग वीस टक्के किंवा जास्त असेल आणि ते नोकरीमुळे झालं किंवा वाढलं असेल, तर अपंगत्व पेन्शनचा हक्क येतो. भरतीच्या वेळी आजार नोंदलेला नसेल, तर तो नोकरीतच झाला असं धरायचं आणि नाही म्हणणाऱ्याने कारणं लिहायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात सांगितलं. २०२३ मध्ये सरकारने नवे नियम आणले. पण माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून जुनंच कात्रण 'तातडीने पुढे पाठवा' म्हणून फिरतंय. तेच छापून अर्जाला जोडा. तुमच्या निवृत्तीची तारीख कुठली नि नियम कुठला, हे बघायला वकील कशाला?

अर्ज फेटाळला गेला की शांत बसा. आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे फौजींच्या नोकरी-पेन्शनच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण, २००७ च्या कायद्याने झालं, मुंबईतही त्याचं पीठ आहे, आणि अंतिम आदेशानंतर तिथे जायची मुदत साधारण सहा महिने. तुम्ही वीस वर्षांनी जा. पेन्शनचा हक्क दर महिन्याला नव्याने डावलला जातो, म्हणून दार तेव्हाही उघडू शकतं. पण २००८ च्या तरसेम सिंग निकालाप्रमाणे मागची थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. उरलेल्या सतरा वर्षांचे पैसे तुम्ही देशाला दिले असं समजा. देशाला द्यायची तुम्हाला सवय आहेच.

पेन्शन सुरू झाली की 'स्पर्श' नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे. तिच्यात स्वतः डोकं घालू नका, तालुक्याच्या चौकातला एजंट बसलेलाच आहे. मोबाईल नंबर त्याचाच द्या, म्हणजे ओटीपी त्याच्याकडे जाईल आणि तुमची झोपमोड होणार नाही. वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवायचं असतं. ते विसरलात तर पेन्शन थांबते, आणि मग तुम्ही स्वतः खिडकीपाशी उभे राहूनही आपण आहोत हे पटवून द्यावं लागतं.

मृत्युपत्राचं काय? फौज तुमच्याकडून एक छापील फॉर्म भरून घेते. तो लग्नाआधी भरला असेल तर तसाच ठेवा, आईचं नाव बदलणं पाप आहे. बँकेतही नॉमिनी आईच राहू दे. मग तुमच्या माघारी सासूसुनेची जुंपेल. आई म्हणेल नॉमिनी मी, म्हणजे सगळं माझं. सून म्हणेल बायको मी, म्हणजे सगळं माझं. दोघीही चुकतील. नॉमिनी बहुतेक ठिकाणी पैसे हातात घेणारा असतो, मालक नव्हे. हिंदू वारसा कायद्यात आई, बायको आणि मुलं एकाच पंगतीत बसतात. कौटुंबिक पेन्शन मात्र इस्टेटच नव्हे. ती नियमाने ज्याची त्याची, मृत्युपत्राने कोणाला देता येत नाही. हे तिघांना एका रविवारी चहावर बसवून सांगितलं असतं तर अर्ध्या तासात संपलं असतं, आणि दोन वकिलांच्या मुलांची शिक्षणं राहिली असती.

अग्निवीर असाल तर तुमचं बरंच सोपं आहे. चार वर्षांनी परतणाऱ्याला पेन्शनच नाही, तेव्हा पेन्शनचा वादही नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी चढू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. वीरपत्नी आणि वीरमाता यात आल्या. २०२५ पासून सैनिक कुटुंबांसाठी नाल्साची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, वेगळी योजनाही आहे. कुठल्याही वहिनीला हे चुकूनसुद्धा सांगू नका. ती वकिलाला घेऊन कागद तपासायला बसली, तर चौकातल्या त्या एजंटाने काय करायचं? थकबाकीच्या टक्केवारीवर त्याने नुकती नवी गाडी बुक केली आहे, आणि ओटीपी अजून त्याच्याच मोबाईलवर येतोय.