गादी पाहिजे? आधी कवळाण्यात जन्म घ्या

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर स्वतःच्या नावामागे 'श्रीमंत सरदार' छापून घेणारे नाशकात कमी नाहीत, पण फ्लेक्स आठवड्यात उतरतो हो, खरी गादीच मिळवा की. आपल्याच जिल्ह्यातल्या एका पोराने, गोपाळ गायकवाडने, बडोद्याची मिळवलीये (तेच पुढचे महाराज सयाजीराव), त्याची मेथड सांगतो.

आधी १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्म घ्यायचा. हे जमत नसेल तर पुढचं वाचू नका. आडनाव गायकवाड, बडोद्याच्या राजघराण्याशी नातं पण इतकं लांबचं की दिवाळीलाही कोणी विचारू नये. मग गप शेतात राबायचं, बाकीची सगळी कामं बडोदेवाले करतात. १८७० ला खंडेराव महाराज वारले, राणी जमनाबाई गरोदर, मुलगा झाला असता तर तुमचा विषयच संपला होता, झाली मुलगी, म्हणून खंडेरावांचे धाकटे भाऊ मल्हारराव गादीवर पक्के. हे मल्हारराव कोण, तर सख्ख्या भावानेच कैदेत टाकलेले (तुमच्याही सातबाऱ्यावर चुलतभाऊ असतील, जास्त समजवत नाही). पुढे रेसिडेंट, म्हणजे बडोद्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी, कर्नल फेअरच्या सरबतात विष घातल्याचा आळ त्यांच्यावर आला, सहा जणांचं कमिशन बसलं, इंग्रज मेंबर एकीकडे आणि आपले तिघे दुसरीकडे, म्हणजे निकाल काहीच नाही, तरी इंग्रजांनी गैरकारभाराचं कारण काढून १८७५ ला त्यांना उतरवलंच.

आता तुमचा नंबर, जमनाबाई गादीसाठी मुलगा दत्तक घेणार. टायमिंग मात्र सांभाळा, १८४८ ला साताऱ्याचा दत्तक नामंजूर करून इंग्रजांनी अख्खं राज्य गिळलं होतं, १८५७ नंतर जरा शहाणे झाले, दत्तक मानायला लागले. कवळाण्याची पोरं बडोद्याला नेली, कशाला आलात विचारल्यावर गोपाळ म्हणे सरळ बोलला, "राज्य करायला." झाले सयाजीराव, वर गायकवाडांची पदवी, सेनाखासखेल समशेर बहादूर! मग बाराव्या वर्षी अक्षरं गिरवायला बसवलं. ते शिकण्याबिकण्याचं, नंतर सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केल्याचं, तेवढं तुम्ही सोडून द्या, उगाच त्रास.

पूर्ण अधिकार मिळाले २८ डिसेंबर १८८१ ला. आणि बरोबर ९० वर्षांनी, २८ डिसेंबर १९७१ ला, २६ वी घटनादुरुस्ती येऊन संस्थानिकांची मान्यता आणि तनखे दोन्ही बंद. पण तुम्ही असल्या किरकोळ गोष्टींनी खचणारे नाहीच. फक्त १९५६ चा हिंदू दत्तक कायदा बघून घ्या, वेगळी रूढी नसेल तर दत्तक जाणारा पंधराच्या आतला आणि बिनलग्नाचा लागतो. तुमचं दोन्हीत बसत नाही, नातवाला तयारीला लावा.