वॉरंटीत हाय न्हवं?

बी.ई. मेकॅनिकल करून मी नेमका झालो काय? इंजिनीअर की तक्रारपेटी? सकाळी ७ वाजता बेळगावच्या उद्यमबागेतून फोन: "साहेब, कंप्रेसर बंद पडलाय. वॉरंटीत हाय न्हवं?" एअर फिल्टर कधी बदललाय? "त्यो बदलायचा असतोय व्हय?" फौंड्रीची धूळ खाऊन फिल्टरची वीट झालीय, तेलाचं डांबर झालंय, आणि दोष कंपनीचा! निपाणीवाल्याकडं सिरियल नंबरचा फोटो मागितला, तर पठ्ठ्यानं मशीनला टेकून स्वतःचाच पाठवला. (फोटो झकास होता.) वॉरंटी म्हणजे १२ महिने किंवा मशीन चालल्याचे २००० तास, यातलं जे आधी होईल ते! मराठीत सांगितलं, कानडीत सांगितलं, आता काय भारूड करून सांगू? वर कंपनी म्हणते, मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरचा फोटो नाही, क्लेम नामंजूर. हां, चिक्कोडीचा फोन आला. "साहेब, वॉरंटी..."