तापास सगळीकडे फुकट? तसं नाही

'दक्षिण स्पेनमध्ये पेय मागवलं की तापास (पेयासोबत खायचे छोटे पदार्थ) फुकट' असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. ग्रानादा, आल्मेरिया, हाएन इथे बिअर किंवा वाइनसोबत खाण्याची छोटी बशी आपसूक येते, वेगळे पैसे लागत नाहीत. सेव्हिल, कादिझ, मालागामध्ये मात्र तापास सहसा मागवावे लागतात आणि ते बिलात धरतात. फार तर थोडे ऑलिव्ह समोर येतील.

पण म्हणून सेव्हिल टाळू नका! तिथला एल रिंकोनसियो हा बार १६७० पासूनचा. पालक आणि काबुली चण्यांची बशी नक्की मागवा. त्यातलं जिरं आपल्या जिभेला लगेच ओळखीचं वाटतं. हिशेब लाकडी काउंटरवरच खडूने लिहितात. आणि शाकाहारी असाल तर ग्रानादात आधीच सांगा, फुकटच्या बशीत अनेकदा मांस-मासे असतात.