फोटो दाखवायचेत हो, दुकान नाही थाटायचं!

मोजके फोटो नीट दिसावेत आणि आवडलेच कुणाला, तर त्याला माझा ईमेल सापडावा. बस्स, एवढंच हवंय! पण त्यासाठी पोर्टफोलिओ साइट, म्हणजे आपलं काम दाखवणारी वेबसाइट हवी, आणि ती बांधून देणारा प्लॅटफॉर्म निवडता निवडता डोक्याची पार मंडई झालीय.

या प्लॅटफॉर्मचा डेमो बघितला की कुणीही भुलेल. का नाही भुलणार? सगळे फोटो आडवे, एकाच टोनचे, मधोमध एक माणूस आणि भोवती मोकळं आकाश. असले फोटो कुठल्याही चौकटीत कोंबा, छानच दिसणार. आपली उभी पोर्ट्रेट टाकली की ग्रिड, म्हणजे फोटोंची चौकटमांडणी, लगेच चौकोनी कात्री चालवतो. माझ्या एका फोटोत एक आजोबा तोंडावर हात धरून हसतायत. थंबनेलमध्ये, म्हणजे त्याच्या छोट्या चित्रात, उरलं काय? सदऱ्याची दोन बटणं आणि कोपर! क्रॉप बंद करायची सोय आहे म्हणे, वरच्या प्लॅनमध्ये. म्हणजे माणसाचं डोकं जागेवर राहावं म्हणून जादा पैसे मोजायचे?

यावर जाणकारांचं ठरलेलं उत्तर, स्वतः साइट उभारायचं सॉफ्टवेअर: ‘वर्डप्रेस घे रे, सगळं तुझ्या हातात.’ हातात कसलं, गळ्यात! होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, तुम्ही बघा, बॅकअप तुम्ही घ्या, एक प्लगइन (जोडसॉफ्टवेअर) अपडेट केलं की दुसरं रुसतं, त्याचीही समजूत तुम्हीच काढा. त्यात 2019 च्या 5.3 आवृत्तीपासून 2560 पिक्सेलपेक्षा मोठा फोटो ते आपणहून लहान करतं. ते बनवतं त्या छोट्या प्रतींची जेपेग क्वालिटी शंभरपैकी 82, कुणी सांगितली होती? बदलता येते, हो, येते, कोडची ओळ टाकून. मी फोटो काढतो बाबांनो, कोड नाही लिहीत.

रंगांचं तर विचारूच नका. अॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीतला फोटो चढवला आणि वाटेत त्याचे रंग कसे वाचायचे ते सांगणारं प्रोफाइल गळलं, की लालभडक साडी विटलेली दिसते. ठीक आहे, आधी वेबवर चालणाऱ्या एसआरजीबीत एक्स्पोर्ट करू, तेवढं कळतं आम्हाला. पण मेटाडेटातलं, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेलं, माझं नाव आणि कॉपीराइटची ओळही साइटने पुसायची? ती कुणाला टोचत होती?

फुकटाच्या वाटेला जावं, तर फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटचं उदाहरण समोर आहे. 2013 मध्ये फुकट खात्यालाही 1 टेराबाइट जागा देऊ केली. 2018 मध्ये स्मगमग या दुसऱ्या फोटो-साइटच्या कंपनीने फ्लिकर विकत घेतलं आणि त्याच वर्षी जाहीर झालं की फुकट खात्यावर फक्त 1000 फोटो. दुसऱ्याच्या वाड्यातलं बिऱ्हाड ते, मालक बदलला की नियम बदलणारच.

आणि आत शिरताना पायघड्या घालणारे हे प्लॅटफॉर्मवाले बाहेर पडताना बघा कसे वागतात. फोटो ओढून आणताना ‘सगळे एकदम टाका’. परत न्यायचे म्हटलं तर अल्बमचा क्रम येत नाही, कॅप्शन येत नाहीत. शेवटी सपोर्टला मेल टाकली: सगळं एकत्र कसं उतरवून घेऊ? उत्तर आलं, ‘प्रत्येक फोटो उघडून कॅप्शन कॉपी करता येईल.’ आणि पुढे स्मायली. स्मायली!!